पहिल्या ट्रेमधल्या दहा डब्या

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार

खंडेनवमी. तळेगावजवळच्या इंदुरीच्या गाळ्यातली पूजा मीच केली. श्रीयश गिऱ्हाइकाकडे गेला होता. मालक तो, माझ्या बहिणीचा मुलगा. मी तपासणी बघते. एकतीस वर्षं टेलिफोनच्या कारखान्यात हेच काम केलं, तेव्हा निवृत्तीनंतर घरात बसून राहणं शक्यच नव्हतं.

सोल्डरिंगची टेबलं, टेस्टर, वजनकाटा यांना हळदीकुंकू लावलं. मग लोणावळ्याच्या बंगल्यांवरच्या कॅमेऱ्यांसाठी आलेल्या ऑर्डरचा माल. आमची डबी तशी साधी. भिंतीतली वीज एका बाजूनं घ्यायची, तिचा दाब कमी करायचा आणि दुसऱ्या बाजूनं ती इंटरनेटच्या वायरीतच सोडायची. मग कॅमेऱ्यापर्यंत एकच वायर न्यावी लागते, विजेची वेगळी ओढायला नको. समोर योग्य उपकरण आहे का हे डबी आधी थोड्याशा विजेनं विचारून बघते आणि मगच पुरवठा सुरू करते. गाळ्यातल्या बायकांना हे समजावलं तेव्हा त्यांना फार गंमत वाटली होती.

ऑर्डर चाळीस डब्यांची. जोडणी झालेली, झाकणं बसायची बाकी. पहिल्या ट्रेमधल्या दहांना मी मान दिला. कोरडं कुंकू उडून सगळीकडे बसतं म्हणून वाटीत पाण्यानं कालवून घट्ट केलं आणि प्रत्येक डबीत मधल्या ट्रान्सफॉर्मरला बोट लावलं. वरून फुलानं पाणी शिंपडलं. कोमल (आमची तपासनीस, इथलीच सून) म्हणाली, "मॅडम, झाकणं बसवून वरनं लावू का?"

म्हटलं, "देवाला झाकण दाखवायचं का?"

बायका हसल्या. पेढे वाटले, दोनला सुट्टी दिली.

६ ऑक्टोबर, सोमवार

दसरा आणि शनिवार-रविवार धरून मधले दिवस वाया गेले. शुक्रवारी जोडणीवरच्या नंदाबाईंनी झाकणं बसवली. आज तपासणी. प्रत्येक डबीला एक मिनिट दीड हजार व्होल्टचा दाब द्यायचा. विजेची बाजू आणि वायरीची बाजू यांच्यामधलं अंतर टिकलं तर पास. चाळीस डब्या, सगळ्या पास. वहीत आकडे आणि खाली कोमलची सही.

कोमल साडेतीनला मोकळी झाली. मधे एकदा तिला फोनवर बोलताना पाहिलं, मुलाच्या शाळेचा होता म्हणे. मुलगी हुशार आहे, पण हुशार माणसं घाई करतात. लक्ष ठेवायला हवं. कडक ऊन पडलंय, गाळ्याचा पत्रा दुपारी हात लावू देत नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

माल लोणावळ्याला रवाना. वेळेच्या एक दिवस आधी.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी संपली आणि हे आलं. लोणावळ्याच्या त्या बंगल्यांच्या मालकांचा सकाळी सातला फोन. चार दिवस तिथे पाऊस आणि धुकं, आणि एवढ्यात सात कॅमेरे बंद. त्याहून वाईट म्हणजे कॅमेरा बसवलेली लोखंडी पट्टी पुसताना रखवालदाराला झटका बसला आणि तो स्टुलावरून खाली आला. मुका मार आहे, हाड शाबूत आहे.

म्हणजे भिंतीतली वीज पूर्ण दाबानं वायरीत उतरली. डबीचं मुख्य काम ती तशी उतरू न देणं हेच. ते गृहस्थ ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "मावशी स्वतः लक्ष घालते असं श्रीयश सांगत होता, म्हणून तुमच्याकडून घेतल्या."

एकतीस वर्षांत माझ्या सहीचा माल परत आला नव्हता. दुपारी जेवले नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

श्रीयश आणि मी लोणावळ्याला. धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. चाळीसही डब्या काढून घेतल्या. रखवालदार भिकाजी ओसरीत खांद्याला शेक घेत बसले होते. मी माफी मागितली.

ते म्हणाले, "आता कॅमेऱ्याकडं बगून नमस्कारच करतू बाई. हात लावत न्हाई."

मला हसू आलं नाही.

गेलेल्या डब्यांचे नंबर: दोन, तीन, पाच, सहा, आठ, नऊ, दहा. सगळ्या पहिल्या ट्रेमधल्या. गाडीत बसल्या बसल्या उलगडा झाला. पहिला ट्रे न तपासताच वहीत आकडे भरले गेले. तो फोनही त्याच दिवशी होता. श्रीयश म्हणाला, "मावशी, आधी उघडून बघूया का?" म्हटलं, बघू की, पण वहीवर सही कोणाची आहे हे बघायला डबी उघडावी लागत नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

कोमलला कामावरून काढलं. सगळ्यांसमोर केलं, मुद्दाम, म्हणजे इतरांना समजेल. वही तिच्यासमोर ठेवून विचारलं, "पहिला ट्रे तपासलास का?"

"तपासला, मॅडम."

"मग या सात कशा गेल्या?"

तिनं आधी नंदाबाईंकडे पाहिलं, मग मांडणीवरच्या रिकाम्या ट्रेकडे, मग माझ्याकडे. कोणी मान वर करेना. कबुली याहून वेगळी काय असते?

"खोट्या सहीनं माणूस मेला असता," मी म्हणाले.

"सही खरी हाय माझी," एवढं म्हणून तिनं मनगटावरचा अर्थिंगचा पट्टा सोडला, घडी करून टेबलावर ठेवला आणि गेली. रडली नाही, आणि मला ते उद्धट वाटलं. बाकीच्यांना वीस मिनिटं सांगितलं की आपल्या हातात लोकांचे जीव आहेत. त्यांच्यातल्या कस्तुराबाई खाली बघून नखं खरवडत होत्या.

४ नोव्हेंबर, मंगळवार

तळेगावच्या एका कंपनीतून शार्दूल नावाच्या मुलाचा फोन. भरतीचं काम बघतो. कोमलनं तिथे अर्ज केलाय आणि आमचं नाव दिलंय. "मॅडम, का सोडलं विचारलं तर म्हणाली, ते मॅडमनाच विचारा."

मी जे होतं ते सांगितलं. हात चांगला आहे, पण न तपासता सही करते. त्यानं आभार मानले. अशा वेळी गोड बोलणं म्हणजे पुढच्याची फसवणूक.

संध्याकाळी मात्र वाटलं की "मॅडमनाच विचारा" हे ती कशाच्या भरवशावर म्हणाली असेल.

८ नोव्हेंबर, शनिवार

हे लिहायला दोनदा बसले आणि दोनदा उठले.

बायकांना सुट्टी होती. नव्या चाळीस डब्या गेल्या आठवड्यात लोणावळ्याला लागल्या, म्हणून आज जुन्या उघडायला घेतल्या. पाच नंबर. ट्रान्सफॉर्मरच्या कडेनं काळी जळकी रेघ, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेलेली. भिंगातून पाहिलं तर रेघेच्या दोन्ही काठांना लाल. आधी वाटलं सोल्डरिंगला लावायचं मेण असेल. मग आठ नंबर उघडली, मग दोन. तिन्हींत लाल, आणि तिन्हींत एकाच जागी, उजव्या हाताचं बोट पडेल तिथे.

कोणाचं बोट हे मला वहीत बघावं लागलं नाही.

तरी खात्री करून घेतली. एका चांगल्या डबीत तसंच कुंकू कालवून लावलं, पंख्याखाली वाळवलं आणि झाकण लावून टेस्टरवर चढवली. पास. पूर्ण मिनिट पास. मग तीच डबी चहाच्या किटलीच्या वाफेवर धरली आणि पुन्हा चढवली. चाळिसाव्या सेकंदाला आतून चर्र आवाज आला आणि लाल दिवा लागला.

म्हणजे कोमलनं पहिला ट्रे तपासला होता. कडक उन्हात कोरडं कुंकू पास होणारच. लोणावळ्याच्या धुक्यानं ते ओलं केलं आणि विजेला वाट मिळाली. ती वाट मी करून दिली होती, वाटीत पाणी घालून, उडू नये म्हणून.

यानंतर मी जे केलं तेही लिहिते. कापसाला स्पिरिट लावून तिन्ही डब्या पुसल्या. गाळ्यात कोणी नव्हतं.

९ नोव्हेंबर, रविवार

श्रीयश घरी आला होता. विचारलं, "मावशी, कळलं का काही?" म्हटलं, ओलावा शिरला, झाकणाला रबराची कड बसवू. तो म्हणाला, "म्हणजे कोमलचं..." म्हटलं, ते वेगळं.

खोटं बोलले नाही, ओलावा खरोखरच शिरला होता.

वरचं वाक्य खोडत नाही. राहू दे तसंच, म्हणजे मी किती सराईत आहे ते दिसेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दोन दिवस गाळ्यात कोणाला टोकलं नाही. कस्तुराबाईंनी अर्थिंगचा पट्टा बाहीवरून बांधला होता. तो उघड्या कातडीला लागला नाही तर अंगातली स्थिर वीज जमिनीत उतरत नाही, एरवी मी चार शब्द सुनावले असते. आज गप्प बसले. त्यांनीच माझ्याकडे पाहून सरळ केला. "मॅडम, बरं न्हाई का?" विचारलं.

पहिल्या ट्रेमधल्या बाकीच्या सात डब्या अजून आहेत तशाच आहेत, न पुसलेल्या. सुरू असलेल्या एक, चार, सात आणि जळलेल्या तीन, सहा, नऊ, दहा. त्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. का लावलं ते नक्की सांगता येत नाही. पुरावा म्हणून, की कोणी पाहू नये म्हणून?

  

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज सांगितलं. जेवणाच्या सुट्टीआधी श्रीयशलाही बोलावून घेतलं. कपाटातून एक नंबरची डबी काढली, उघडून टेबलावर ठेवली. म्हटलं, "हे कुंकू मी लावलं होतं. माल यामुळे गेला. पुसून टाकलेल्या तीन डब्याही आहेत, त्या मीच पुसल्या. कोमलचा यात काही दोष नव्हता."

वाटलं होतं कुजबुज होईल.  नंदाबाई डबा सोडत होत्या, त्या थांबल्या एवढंच.

"म्हाईत हाय मॅडम," त्या म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"झाकणं म्याच बसवली न्हवं. तवाच दिसलं. पुसलं हुतं वरवर, पर देवाचं कुंकू खरडून कसं काढायचं? हात धजंना."

मी एकेकीकडे पाहिलं. सहाही जणींना माहीत होतं. त्या दिवशी कोमलला मी खोटी ठरवत होते, वीस मिनिटं भाषण देत होते, तेव्हा सगळ्यांना माहीत होतं की हे कोणाचं काम आहे.

"मग बोलला का नाहीत कोणी?"

कस्तुराबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमी इचारलं न्हाई. तुमी सांगत हुता."

श्रीयश खिडकीतून बाहेर बघत होता. तो माझ्याशी वाईट बोलला नाही. सगळे गेल्यावर म्हणाला, "मी त्या दिवशी आधी उघडूया म्हटलं होतं, पण मीही नंतर जोर नाही लावला." माझ्या हाताखाली वाढलेला मुलगा, त्यालाही माझ्यापुढे जोर लावता येत नाही. याला मी आजवर शिस्त म्हणत होते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शार्दूलला फोन केला. सगळं सांगितलं. तो बिचारा गोंधळला. "मॅडम, ती जागा भरली हो. तुमच्याशी बोलल्यावर आम्ही दुसरी मुलगी घेतली." मग म्हणाला, जानेवारीत पुन्हा चार जागा आहेत, पण आधी अर्ज नाकारलेला असल्यामुळे तुमचं लेखी पत्र लागेल, नुसता फोन चालणार नाही.

एका फोननं जागा गेली, पण दुसऱ्या फोननं ती परत येत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

कोमलच्या घरी गेले. इंदुरीत नदीच्या बाजूला घर, अंगणात भाताच्या पेंढ्या रचलेल्या. तिच्या सासूबाई, बयाबाई, सूप घेऊन बसल्या होत्या. मला ओळखलं. उठल्या नाहीत.

"या मॅडम. आमची सून खोट्या सह्या करती आसं गाव म्हणतंय. त्यातनं काय घरी आणलं त्येवढं सांगा, म्हंजी परत करता यील."

मी म्हटलं, "तिनं काही केलेलं नाही. चूक माझी होती. तेच सांगायला आले."

"मंग गावाला सांगा. मला म्हाईत हाय माझी सून."

त्यांनी सूप आपटलं आणि हाक मारली. कोमल मळणीवरून आली, डोक्याला फडकं, अंगाला कुसं चिकटलेली. तिला सगळं सांगितलं, वाफेच्या किटलीसकट. तिनं तपासनिसासारखं ऐकलं आणि मधे एकच प्रश्न विचारला, "कितव्या सेकंदाला गेली?"

"चाळिसाव्या."

तिनं मान हलवली.

"तुला कुंकवाचं माहीत होतं," मी म्हटलं. "त्या दिवशी का नाही बोललीस?"

"बोलले आसते तर तुमी म्हणला आसता, सोताची चूक देवावर ढकलती." मग म्हणाली, "तुमी इचारलं तपासलं का. मी तपासलं व्हतं. त्येवढंच माझ्याकडं व्हतं."

खरं आहे. मी नेमकं तेच म्हटलं असतं, त्याच शब्दांत.

म्हटलं, उद्यापासून परत ये. ती नाही म्हणाली. रागानं नाही, सुट्टी मागावी तसं. "तितं उभं ऱ्हायलं की त्यो दिवस आठवल. मला पत्र द्या मॅडम. जानेवारीत ती कंपनी घेणार हाय, शार्दूल सरांनी सांगितलं. उद्या येते पत्राला."

बयाबाईंनी चहा विचारला नाही. मी निघाले तेव्हा मागून ऐकू आलं, "गाडीत बसून आली माफी मागाया." मावळात कोणी चहा न विचारता दारातून पाठवत नाही. मला पाठवलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कोमल अकराला आली. आत आली नाही, दारात उभी राहिली. बायका कामावर होत्या. मी पत्र सकाळीच टाइप करून ठेवलं होतं. दिलं.

तिनं उभ्यानं वाचलं. एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, "काही गैरसमजामुळे त्यांना काम सोडावे लागले."

"गैरसमज कुणाचा, मॅडम? आन् सोडलं का काढलं?"

मी परत आत गेले. दुसरं काढलं. "एका तांत्रिक दोषाची जबाबदारी चुकून त्यांच्यावर आली." हे बरं झालं असं मला खरंच वाटलं होतं.

तिनं तेही वाचलं. "आली कुटनं?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता. दोष कुठून येतो हे विचारायला मीच तिला शिकवलं होतं.

 नंदाबाईंच्या टेबलावरचा आवाज थांबला होता. सदुसष्टाव्या वर्षी मला 'मी' हा कर्ता एका साध्या वाक्यात घालता येत नव्हता, आणि दारातली मुलगी घाई न करता थांबली होती.

तिसऱ्या वेळी हातानं लिहिलं:

"श्रीमती कोमल यांनी आमच्याकडे दोन वर्षे तपासणीचे काम केले. ऑक्टोबरमधील चाळीसही डब्या त्यांनी नियमाप्रमाणे तपासल्या होत्या. त्यांतील दोष माझ्या हातून झाला. मी चौकशी न करता तो त्यांच्यावर टाकला, सर्वांसमोर त्यांना खोटे ठरवले आणि कामावरून काढले. नंतर कारण समजल्यावर मी चार दिवस ते लपवले. त्यांच्या कामाबद्दल मी आपल्याला फोनवर जे सांगितले ते असत्य होते."

खाली पूर्ण नाव, हुद्दा, गाळ्याचा शिक्का.

"चार दिवस लपवलं ते मला म्हाईत नव्हतं," कोमल म्हणाली.

"आता आहे."

तिनं पत्र घडी न करता प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं. मग म्हणाली, "याची एक झेरॉक्स द्याल का? आत्यांना पाहिजे."

आत्या म्हणजे बयाबाई. मी म्हटलं, "त्यांना वाचता येतं?"

"न्हाई. त्या वाचून घेत्यात. देवळाम्होरं म्हाताऱ्या बसत्यात, तितं कुणी तरी मोठ्यानं वाचतं."

मी झेरॉक्स काढली. पहिली फिकट आली, म्हणून दुसरी काढली, जरा गडद करून, म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांना दिसेल अशी. कोमलनं ती घेतली, नंदाबाईंना "येते" म्हणाली, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि गेली.

तळेगावच्या माझ्या घरून गाळ्यावर यायला दोन रस्ते आहेत. बाहेरच्या रस्त्यानं आलं की गाव लागत नाही. दुसरा देवळासमोरून येतो, आणि तिथे गाडी हळू करावीच लागते. उद्यापासून गाडी न्यायची नाही. रिक्षानं गावाच्या तोंडाशी उतरायचं आणि तिथून पुढे देवळासमोरून चालत यायचं.